लीलाचा भरे येथील मुक्काम

९ जानेवारी २००७

आज लीलाला इथे आणलं. आमच्या मुलाने, मनीषने, गाडी अगदी सावकाश चालवली, तरी पिरंगुटच्या घाटात प्रत्येक वळणाला तिने दाराची दांडी घट्ट धरली. तोंडातून आवाज नाही. चाळीस वर्षांत तिने दुखतंय असं चारचौघांत कधी म्हटलेलं नाही.

भरे गाव सोडून थोडं आत गेलं की उतारावर ही बैठी इमारत आहे. समोर भाताची रिकामी खाचरं, मागे डोंगर. एका खोलीत दोन खाटा. प्रत्येक रुग्णाबरोबर घरचं एक माणूस राहू शकतं, त्याच्यासाठी बाजूला बाकडं. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, अशांनाच इथे ठेवतात. हे मी लीलाला सांगितलेलं नाही. तिला एवढंच सांगितलंय की ताकद भरून येईपर्यंत हवापालट, मग घरी.

इथे कुटुंबीयांशी बोलायला ज्ञानदा नावाची मुलगी आहे. मुलगी म्हणजे पस्तिशीची बाई, पण मला सगळ्या मुलीच वाटतात. तिला बाजूला घेऊन बजावलं, लीलासमोर आजाराचं नाव काढायचं नाही.

ती म्हणाली, "काकूंनी विचारलं नाही तर मी आपणहून सांगणार नाही, काका. पण विचारलं तर खोटंही सांगणार नाही."

पाटबंधारे खात्यात इतकी वर्षं काढली, पण इतकं चोख उत्तर कोणी दिलं नव्हतं. राग आला, पण वाद घालण्यासारखं काही सापडलं नाही.

१० जानेवारी

सकाळी लीलाला मॉर्फिनचं पातळ औषध सुरू केलं. मी हरकत घेतली. म्हटलं, ही अफूचीच जात, हिला पुढे सवय लागली तर? डॉक्टर काहीतरी बोलणार होते, पण थांबले. मग म्हणाले, "त्याची काळजी नका करू."

संध्याकाळपर्यंत लीला झोपली. गाढ, तोंड जरा उघडं ठेवून. उठल्यावर म्हणाली, ताकातल्या कण्या मिळतील का? दिवाळीपासून तिने स्वतःहून काही मागितलेलं नव्हतं. इथल्या स्वयंपाकघरात नातेवाइकांना चूल वापरू देतात. ज्वारीच्या कण्या पिरंगुटला मिळाल्या. मी केल्या त्या खाली लागल्या. तिने चार घास खाल्ले आणि म्हणाली, "आच मंद ठेवायची. आणि सारखं हलवायचं."

१२ जानेवारी

दुसऱ्या खाटेवर गोजराबाई आहेत. ताम्हिणीकडच्या डोंगरातल्या वाडीवरच्या. गालाची गाठ, तोंड एका बाजूने सुजलेलं, तरी बोलणं थांबत नाही. त्यांचा नवरा नथू बाहेर बागेत दगड रचत असतो. कोणी सांगितलेलं नाही, पैसेही घेत नाही. सकाळी डोकावून जातो, "बरं हाय का?" एवढं विचारतो आणि निघून जातो, तो जेवायलाच येतो.

बायको अशी पडलेली असताना माणसाने तिच्याजवळ बसायला हवं. पण काहींना ते सुचत नाही.

इथे पाण्याचा दाब कमी आहे. शेवटच्या दोन खोल्यांत तर धारच येत नाही. गच्चीवर जाऊन पाहिलं. टाकीपासूनची लाइन चुकीच्या उताराने टाकली आहे. काम फार नाही. व्यवस्थापकांना म्हटलं, मी बघतो.

१५ जानेवारी

संक्रांत. सगळ्यांना तिळगूळ वाटला. गोजराबाईंना चावता येत नाही, म्हणून लीलाने वडी पाण्यात विरघळवून त्यांना चमच्याने दिली. स्वतःला उठून बसवत नव्हतं, तरी कोपरावर टेकून.

दुपारी मी पाइपाला आटे पाडत होतो. खिडकीतून बोलणं ऐकू आलं.

"ताई, तुमचं मालक सारकं वर का जात्यात? काय हाय तितं?"

"पाणी आहे म्हणे," लीला म्हणाली.

"आमचं बी तसंच. मला बगितलं का लगी भायेर. म्या म्हनलं, आरं, दगूड काय मरनार न्हाई, त्याच्यापाशी नंतर बस."

दोघी हसल्या. लीला हसली याचं बरं वाटलं. औषध लागू पडतंय.

नथूलाही आता पाइप धरायला बरोबर घेतो. माणूस कामाचा आहे.

१८ जानेवारी

मोबाइलला रेंज फक्त टाकीपाशी येते. बार्शीहून जनाचा फोन. जना म्हणजे माझा चुलतभाऊ जनार्दन, माझ्याहून काही महिन्यांनी लहान, पण गावचं घर तोच सांभाळतो. त्याला कोणीतरी सांगितलं असावं.

"दादा, वहिनींना कुठल्या आश्रमात टाकलंय म्हणे?"

म्हटलं, आश्रम नव्हे, हवापालट.

"हवा काय बार्शीत नाही? आपल्या घरात माणसं नाहीत का करायला? भावकीत तोंड दाखवायचंय मला."

रेंज गेली असं सांगून फोन ठेवला. रेंज गेलेली नव्हती.

२१ जानेवारी

लीला हल्ली विचित्र चौकशा करते. गॅसचा नंबर कुठल्या फोनवर लावायचा माहीत आहे का? माझ्या मधुमेहाच्या गोळ्या संपत आल्या की किती दिवस आधी आणायच्या? डाळीला कीड लागू नये म्हणून काय घालतात? पडून पडून कंटाळते, त्यामुळे असेल. मी म्हटलं, घरी गेल्यावर तूच बघशील सगळं.

"बरं," म्हणाली. "पण डब्यात कडुलिंबाचा पाला घालायचा. सांगून ठेवते."

२५ जानेवारी

अनुष्काला, म्हणजे आमच्या सुनेला, सातवा लागला. तिच्या आई आशालताबाई नाशिकहून येऊन भूगावला आमच्या फ्लॅटवर राहिल्या आहेत. आज लीलाने विषय काढला.

"अनुष्काचं डोहाळजेवण करायचंय मला."

"करू की. घरी गेलो की करू."

"इथे करू. पुढच्या आठवड्यात."

मी म्हटलं, इथे कसं? आजारी माणसं, औषधांचा वास. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग म्हणाली, "तिला विचारून तर बघा."

२६ जानेवारी

टाकीवरून घरी फोन केला. अनुष्का झोपली होती, आशालताबाईंनी घेतला. मी विचारलं तर एकदम आवाज चढला. "अहो, अशा जागी पोटुशी बाई नेतात का? रोज तिथून कोणी ना कोणी जातं म्हणे. लीलाताईंबद्दल मला काय वाटतं ते देवाला ठाऊक. पण मला माझी मुलगी बघायला हवी." मनीषशी बोललो. तोही म्हणाला, "बाबा, आत्ता उगाच वाद नको."

या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी खरं लिहायचं तर त्या नको म्हणाल्या तेव्हा मला जरा सुटल्यासारखं झालं. का ते कळत नाही. डोहाळजेवणाला माझा काही विरोध नव्हता.

लीलाला सांगितलं की अनुष्काला सर्दी झाली आहे.

२८ जानेवारी

लीला दोन दिवस बोलत नाही. म्हणजे पाणी द्या, खिडकी लावा, एवढं बोलते. पण गॅस नाही, डाळ नाही, काही नाही. भिंतीकडे तोंड करून असते. डॉक्टरांना सांगितलं, दुखणं वाढलंय का बघा. त्यांनी तपासलं. म्हणाले, दुखत नाहीये.

लाइनचं काम उद्या पुरं होईल. शेवटच्या खोलीतही आता धार येते.

२९ जानेवारी

आज सविस्तर लिहायला हवं.

मी गच्चीवर शेवटचा सांधा आवळत होतो. खालून ज्ञानदाने हाक मारली. म्हटलं, पाच मिनिटं. ती म्हणाली, "काका, आत्ता खाली या." त्या आवाजाला नाही म्हणता आलं नाही.

बाकावर बसलो. ती म्हणाली, "काकूंनी आज मला विचारलं, माझे किती दिवस उरलेत. मी म्हटलं, नेमकं कोणी सांगू शकत नाही, पण महिने नाहीत. आठवडे आहेत."

मी उठलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "काका, माझ्याकडून त्यांना नवीन असं काही कळलेलं नाही. इथे आल्या त्या दिवसापासून त्यांना ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, यांना सांगू नका मला माहीत आहे म्हणून. हे घाबरतील."

खोलीत गेलो. गोजराबाईंना ड्रेसिंगसाठी नेलं होतं. लीला भिंतीकडे तोंड करून होती. बाकडं ओढून बसलो. म्हटलं, "अनुष्काला सर्दी नाही झालेली."

"माहीत आहे."

"तिच्या आईने नको म्हटलं."

"तेही माहीत आहे." ती वळली. वळायला तिला वेळ लागला, मी हात दिला. "त्यांचं काही चुकत नाही. त्यांची मुलगी आहे. मला राग आला तो तुमचा. तुम्हाला मी काही सांगायला गेले की तुम्ही टाकीवर चढता."

मी म्हटलं, पाणी येत नव्हतं.

"मला बाळ बघायला मिळणार नाही, अहो. एप्रिलपर्यंत मी नसणार. तिच्या ओटीत चार फळं घालीन, एवढंच माझ्या हातात आहे. घरी गेल्यावर, घरी गेल्यावर, किती वेळा म्हणाल? आता मी घरी येत नाही."

हे वाक्य ती इतक्या सरळपणे बोलली, जसं भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं. मग मी रडलो. तिने पदराने माझा चष्मा पुसून दिला आणि माझ्याच डोळ्यांवर चढवला. बराच वेळ बसलो. शेवटचा सांधा तसाच राहिला. संध्याकाळी नथूने जाऊन आवळला म्हणे.

३० जानेवारी

अनुष्काच्या ऑफिसात थेट फोन केला. सासऱ्याने सुनेच्या ऑफिसात फोन करणं बरं दिसत नाही, पण केला. सगळं सांगितलं.

"बाबा, आईंनी मला बोलावलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही, मनीष आणि माझी आई, तिघांनी मिळून ठरवलं की मी यायचं नाही. मला कोणी विचारलं?"

म्हटलं, नाही विचारलं.

"मी रविवारी येतेय. आईंना सांगा, हिरवी साडी माझ्याकडे आहे, नवी घ्यायची नाही."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, चार वर्षांत या मुलीशी मी पहिल्यांदाच इतकं बोललो.

४ फेब्रुवारी

डोहाळजेवण झालं.

व्हरांड्यात सतरंजी घातली. लीलाची खाटच बाहेर काढली. तिला सकाळी अंघोळ घातली, नर्सने वेणी घातली. केस उरलेत थोडे, पण तिने दोन अबोलीची फुलं मागून घेतली. मी कण्या केल्या, या वेळी लागल्या नाहीत. बाकीचं जेवण मनीषने पौडहून आणलं.

अनुष्का गाडीतून उतरली आणि पाठोपाठ आशालताबाईही. मला वाटलं नव्हतं त्या येतील. त्या पायरीवरच थांबल्या, पदर नाकाला लावून. अनुष्का सरळ येऊन लीलाच्या पाया पडायला वाकू लागली. लीला म्हणाली, "वाकू नकोस, वेडी का काय? इथे ये, शेजारी बस."

लीलाने तिची ओटी भरली. तांदूळ निम्मे सतरंजीवर सांडले. नारळ तिला उचलेना. तेव्हा आशालताबाई पायरीवरून आल्या, लीलाच्या हाताखाली आपला हात धरला, आणि दोघींनी मिळून तो ओटीत घातला.

मग दोन वाट्या झाकून ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. अनुष्काने बर्फीची उघडली. आजूबाजूच्या खोल्यांतले जे चालू शकत होते ते सगळे आले होते, ते म्हणाले मुलगी, मुलगी. गोजराबाई चाकाच्या खुर्चीत होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडं असं न्हाई. आमी गानं म्हंतो." आणि त्या सुजलेल्या तोंडाने त्यांनी गाणं धरलं. शब्द मला कळले नाहीत. चाल संथ होती. नथू खांबाआड उभा होता. दुसऱ्या ओळीपासून तोही म्हणू लागला, खाली बघत.

गाणं चाललेलं असतानाच लीलाला झोप लागली, हात अनुष्काच्या पोटावर. सगळे एकदम गप्प झाले. अनुष्काला हलता येईना.

गोजराबाई म्हणाल्या, "गप कशाला ऱ्हाता? ऐकू येतंय तिला. म्हना."

पुन्हा गाणं सुरू झालं. लीला झोपलेलीच होती. आम्ही तिच्या खाटेभोवतीच जेवलो.

निघताना आशालताबाई मला म्हणाल्या, "मी दोन दिवस राहिले तर चालेल का इथे? तुमचंही वय झालंय." आज त्या बाकड्यावर झोपल्या आहेत. मी व्हरांड्यात लिहितोय.

९ फेब्रुवारी

आता दिवसातला बराच वेळ ती झोपूनच असते. जागी असते तेव्हा बोलतो. काही विशेष नाही. उजनीच्या वसाहतीतली बिऱ्हाडं, मनीष कालव्यात पडला होता ते, तिला न आवडलेली माझी मिशी. मी विचारलं, भीती वाटते का? म्हणाली, "मरायची नाही. तुम्ही एकटे काहीबाही खाल, त्याची वाटते." मग म्हणाली, मुलगी झाली तर नाव त्यांना ठेवू द्या, मध्ये पडू नका.

मनीष रोज ऑफिसातून इथे येतो. काल तिचे पाय चेपताना तिथेच डोकं टेकवून झोपला. एवढा उंच माणूस.

१३ फेब्रुवारी

दुपारी नथू माझ्याशेजारी येऊन बसला. "सायेब, तुमी तिच्यासंगं काय बोलता एवडं?" म्हटलं, काहीही. जुनं. तो म्हणाला, "मला बोलाय येत न्हाई." म्हटलं, गाता तरी येतं ना? तो उठून गेला. आत गेला की बाहेर, ते पाहिलं नाही. लीलाला उठवून औषध द्यायचं होतं.

१७ फेब्रुवारी

सकाळी चहाच्या वेळेला लीला गेली. श्वास लांब लांब होत गेला आणि पुढचा आलाच नाही. मी जवळ होतो. मनीषही होता.

१९ फेब्रुवारी

अस्थी आणल्या. घरात माणसं आहेत. काही लिहावंसं वाटत नाही.

२७ फेब्रुवारी

काल दहावा झाला. जना चार दिवस आधीच बार्शीहून आला आहे. येईल की नाही अशी शंका होती. काही बोलला नाही, पण त्याचं न बोलणंही ऐकू येत होतं. आज सगळे जेवायला बसलो आणि त्याने तोंड उघडलं.

"दादा, चाळीस वर्षं संसार केला वहिनींनी. शेवटी डोळे मिटायला आपलं घर मिळालं नाही त्यांना."

मनीषचा चेहरा उतरला. अनुष्का वाढता वाढता थांबली. या प्रश्नाचं उत्तर मी गेला महिनाभर मनात घोळवत होतो. हवापालट, तज्ज्ञ डॉक्टर, वगैरे. त्यातलं एकही आठवेना. मग जे झालं तेच सांगत गेलो. पहिल्या रात्री ती कशी झोपली. कण्या मागितल्या. गोजराबाईंना तिळगूळ भरवला. माझी टाकी सांगितली. डोहाळजेवण सांगितलं, ती मध्येच झोपली तेही. शेवटच्या सकाळी नर्सने तिचे ओठ ओल्या कापसाने टिपले, आणि मनीष तिचे पाय चेपत होता.

जना ऐकत होता. मग म्हणाला, "आणि कळा?"

म्हटलं, "नाही. तिथे गेल्यापासून ओरडली नाही कधी."

त्याने हात ताटात तसाच ठेवला.

"आई महिनाभर ओरडत होती, दादा."

माझी काकू पोटाच्या गाठीने गेली. मी तेव्हा उजनीला होतो, दहाव्यालाच पोचलो होतो. ती कशी गेली ते मी कधी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नव्हतं.

"मी रानात जाऊन बसायचो," तो म्हणाला. "तिथपर्यंत आवाज येत नसतो. पण यायचा. गेली तेव्हाही मी रानातच होतो. घरातच गेली ती. आपल्या घरात."

एवढं बोलून तो रडायला लागला. त्याला रडताना मी कधी पाहिलेलं नाही. अनुष्काने पुढे होऊन त्याचं ताट उचललं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

२८ फेब्रुवारी

जनाला सकाळच्या एसटीसाठी स्वारगेटला सोडून आलो. तेराव्यापर्यंत थांब म्हटलं होतं, पण काम आहे म्हणाला.

फार वाळलाय तो. इतकं ऊन लागतंय तरी गळ्याला मफलर. आवाज बसलाय, तो म्हणाला एसटीतला वारा. इथे होता तेवढे दिवस दूधभाताशिवाय काही खाल्लं नाही. तंबाखूही सोडली म्हणे, इतक्या वर्षांनी. म्हटलं, घसा डॉक्टरला दाखवून घे. म्हणाला, दाखवलाय.

गाडी लागायची होती. बाकावर बसलो असताना त्याने त्या भऱ्याच्या संस्थेचा पत्ता विचारला. फोन नंबरही. मी लिहून दिला आणि ज्ञानदाचं नाव सांगितलं, म्हटलं, हिच्याशी बोलायला सांग, सरळ बोलते. कागदाची घडी घालून त्याने आतल्या खिशात ठेवली.

गावात असेल कोणाला तरी हवा. मी विचारलं नाही.